घळई पाहण्यासाठी लागणारी कागदपत्रे

५ जानेवारी २०२५, रविवार. केनवड

खताच्या दुकानातून दरवर्षी फुकट डायरी मिळते आणि दरवर्षी ती दुधाचा हिशेब लिहिण्यात जाते. यंदा तसं करायचं नाही. यंदा लिहिण्यासारखं काही घडतंय.

सकाळी वर्षाराणीचा व्हिडिओ कॉल आला. आमची ही एकुलती एक लेक, सात वर्षांपासून अमेरिकेत फिनिक्स गावी असते. म्हणाली, "बाबा, ऑक्टोबरात तुम्ही दोघं या. ग्रँड कॅनियन दाखवते." वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान आहे, तिच्या घरापासून गाडीनं चार तास. उद्यानाच्या आत, अगदी कड्यावरचं लॉज तिनं दोन रात्रींसाठी आत्ताच धरून ठेवलंय, १४ आणि १५ ऑक्टोबर. मग दिवाळीही तिकडेच. अट एकच. मार्चअखेर दोघांचे पासपोर्ट हातात पाहिजेत, नाहीतर व्हिसाची तारीख वेळेत मिळायची नाही आणि सगळंच बोंबलेल.

म्हटलं, बेटा, तू निश्चिंत राहा. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेत मास्तरकी केली, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. दोनशे पोरांची सहल घेऊन वेरूळला गेलेला माणूस आहे मी. दोन म्हाताऱ्यांचं नियोजन म्हणजे काय!

फोटो पाहायला फोन कस्तुराच्या हातात दिला. माझी बायको तशी कुठल्या गोष्टीनं हुरळून जाणारी नाही. पण फोन डोळ्याजवळ नेऊन म्हणाली, "अवो, हे तं घळई हाये."

"काय?"

"घळई. नदी खालून दगड कापत जाते. पाऊस कमी असला का बाजू ढासळत नाईत, तशाच उभ्या राह्यतात." मग वर्षाला विचारते, "खाली नदी दिसते का वं?"

मी गंमत केली, "लोणारचा खड्डा पाह्यला नं तू, तसंच समज."

"लोनार खड्डा हाये. हे नदीनं केलं."

घ्या! एवढ्या वर्षांनी बाईला व्याख्या तोंडपाठ. नववीचा भूगोल आहे तो, आणि कामरगावच्या शाळेत तो मीच शिकवला होता. शिकवणाऱ्याचं श्रेय म्हणायचं, दुसरं काय.

१२ जानेवारी, रविवार

रिसोडला जाऊन दोघांचे अर्ज ऑनलाइन भरले. आज फाईली लावल्या, माझी निळी, तिची हिरवी. आधार, पॅन, रेशनकार्ड, विजेचं बिल, प्रत्येकाच्या दोन-दोन सत्यप्रती. शेवटी मी तिचा शाळा सोडल्याचा दाखलाही जोडला. तो माझ्याच अक्षरात आहे, अजून शाई फिकी पडलेली नाही.

कस्तुरा तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "थो दाखला कायले जोडता?"

"शाळेचा दाखला म्हणजे पक्का पुरावा."

"पन मांगतला तं नाई नं कोनी."

"तू गप बस. कागद जास्त झाला म्हणून कुणाचं काम अडलेलं मी पाहिलं नाही."

ती शेंगा जरा जोरात सोलू लागली.

२२ जानेवारी, बुधवार

वर्षाचा हुकूम आला, रोज तीन किलोमीटर चाला, तिथं चढउतार आहे. कस्तुरासाठी रिसोडहून बूट आणले. जन्मात पहिल्यांदा बूट. लुगड्यावर निळे बूट घालून ती मारुतीपासून पाझर तलावापर्यंत निघते, तेव्हा ओट्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. शेजारच्या चंदानं विचारलं, "काकू, पोलिसात भरती होता का?" ही म्हणाली, "हो. पह्यले तुलेच धरतो."

मी दोन दिवस गेलो बरोबर. गुडघा दुखतो म्हणून सोडून दिलं. ती जाते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पासपोर्टच्या ऑफिसात जाऊन आलो. माझं दहा मिनिटांत आटोपलं. १ जून १९५६, सगळ्या कागदांवर एकच तारीख. (आमच्या पिढीत निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मला आहे. आई-बापाला तारीख आठवली नाही की मास्तर एक जून टाकायचा. मीही शेकडो पोरं एक जूनला जन्माला घातली आहेत.)

हिची फाईल अडली. टेबलावरची बाई नम्र होती, तिला बोल लावत नाही. म्हणाली, "आजी, आधारवर १४ जुलै १९६५ आहे आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६२. तुमच्या दोन जन्मतारखा कशा?"

मी मधे पडलो. बाई म्हणाली, "आजोबा, तुम्ही नाही, त्यांना बोलू द्या." कस्तुरानं माझ्याकडं पाहिलं.

हातात पत्र मिळालं. जन्माची मूळ नोंद आणा, आणि फरक का पडला याचं प्रतिज्ञापत्र आणा.

आधार काढायला ती एकटीच गेली होती, मी तेव्हा जनगणनेच्या कामावर होतो. हिनं आपल्या मनानं पासष्ट सांगितलं. मी असतो तर हा घोळच झाला नसता. येताना गाडीत हेच तिला समजावून सांगितलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

उपाय सोपा आहे. आधारवरची तारीख बदलून बासष्ट करून घ्यायची, म्हणजे दोन्ही कागद जुळले. हे सांगितलं तर कस्तुरा म्हणाली, "मी बासष्टची नाई."

"अगं, कागदापुरतं."

"कागदापुरतं पंचेचाळीस वर्षं झाली की. आता नाई."

तिला इतकं लागायचं कारण मला कळत नाही. इथं मूळ गोष्ट नोंदवून ठेवतो, पुढं गोंधळ नको. १९८० साली मी कामरगावला शिक्षक होतो आणि ती नववीत होती. तिचे वडील इंद्रभानजी भले गृहस्थ. त्यांना तिचं लग्न उरकायचं होतं. मुलीला अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत असा कायदा तेव्हा नुकताच आला होता, म्हणून त्यांनी मला विनंती केली की रजिस्टरात वय जरा वाढवून द्या. त्या काळी सगळेच करायचे. मी एक उपकार म्हणून केलं. पुढं योगायोगानं स्थळ माझंच ठरलं. एवढंच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कामरगावला गेलो. शाळेची इमारत नवी, पोरांचा कालवा मात्र जुनाच. मुख्याध्यापक विकास हा माझा एकेकाळचा विद्यार्थी. पाया पडला, चहा मागवला, दाखल-खारीज रजिस्टर काढून दिलं. पान उघडलं.

अंकातल्या ५ वर गिरवून २ केलेला आहे. शेजारी अक्षरी 'पासष्ट' होतं, त्याचं 'बासष्ट' करायला एक रेघ पुरली आहे. बाकी ओळ काळी, तेवढी रेघ निळी. पंचेचाळीस वर्षांत ती जरासुद्धा विटली नाही.

विकासनं चष्मा पुसला. म्हणाला, "सर, हे अक्षर..."

"माझं आहे," म्हटलं.

"दुरुस्तीचं मले जमनार नाई, सर. शाळा सोडल्यावर रजिस्टरले हात नाई लावता येत."

तिथून मेहुण्याकडं, धनराजकडं गेलो. म्हटलं, तू एक प्रतिज्ञापत्र दे, की आमच्या वडिलांनी शाळेत वय चुकीचं सांगितलं. वडील गेले त्याला वीस वर्षं झाली, कुणाला काय फरक पडतो?

धनराज बैलाचं दावं वळत बसला होता. हात न थांबवता म्हणाला, "दाजी, बाबाले तं सही बी येत नव्हती. अंगठा लावत. थे रजिस्टरात काय बदलवतीन?"

"त्यांनी बदललं असं नाही. त्यांनी सांगितलं."

"कोनाले?"

मी उठलो. बस चुकली असती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कारंज्याहून कोतवाल बुकाची नक्कल मिळाली. जुन्या काळी गावातले जन्म-मृत्यू कोतवाल लिहायचा, त्या वहीचा उतारा. 'दि. १४ जुलै १९६५. इंद्रभान यांस मुलगी.' नावसुद्धा नाही, नुसतं मुलगी.

कस्तुरानं तो कागद दोन्ही हातांत धरून वाचला. "पाह्यलं नं," म्हणाली, "माय सांगे थे खरंच होतं. आखाडी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी."

वर्षाला फोटो पाठवला. लगेच कॉल आला. पोरगी हुशार, गणितात माझ्यावर गेली आहे. म्हणाली, "बाबा, तुमचं लग्न १२ जून १९८० ना?"

"हो."

"मग आई तेव्हा पंधराचीसुद्धा नव्हती."

मी म्हटलं, आवाज तुटतोय, इकडं नेटवर्क नाही. आणि फोन ठेवला.

इतकी वर्षं मी लोकांना हसत सांगत आलोय, आमच्या हिला कागदावर अठरा पूर्ण होऊन अकरा दिवस झाले अन् मी लगेच मांडवात उभा राहिलो. लोकही हसायचे. आज ते वाक्य आठवलं आणि जेवण गेलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

माझा पासपोर्ट पोस्टानं आला. कस्तुरानं कव्हर पाहिलं, आतला फोटो पाहिला. "बरा आला फोटो," म्हणाली आणि बूट घालून चालायला गेली. मी म्हटलं, कागद तर अडलेत, आता कशाला चालतेस? म्हणाली, "पाय तं नाई अडले." तलावापर्यंत जाऊन ती हल्ली पलीकडच्या घळीत उतरते आणि पुन्हा चढते. चंदा सांगत होती.

५ मार्च, बुधवार

आज अंगाचा तिळपापड झाला आहे, तरी शिस्तीनं लिहितो.

रिसोडला तहसीलसमोर विनोद नावाचा टायपिंगवाला बसतो, प्रतिज्ञापत्रं करून देतो. त्यानं पाच मिनिटांत मजकूर काढून दिला: 'मी कस्तुराबाई शपथेवर लिहून देते की, माझ्या शालेय अभिलेखात माझी जन्मतारीख नजरचुकीने १ जून १९६२ अशी नोंदविण्यात आली.' चांगला, साधा मजकूर. खाली सही केली की काम फत्ते.

ही बाकावर बसून बोट फिरवत अक्षर न् अक्षर वाचू लागली. मागं रांग लागलेली. एका शब्दावर बोट थांबलं.

"नजरचूक कोनाची?"

विनोद म्हणाला, "मावशी, तशी भाषाच राह्यते. सगळ्याच्याच कागदात असते."

"राह्यते तं राह्यते. पन कोनाची?"

"आता लिवनाऱ्याची असंन."

"मंग लिवनाऱ्याले विचारा नं, त्याची नजर चुकली होती का." आणि तिनं कागद माझ्यासमोर धरला.

रांगेतली माणसं माझ्याकडं पाहू लागली. त्यातले निम्मे मला सर म्हणणारे. मी दबक्या आवाजात म्हटलं, "कस्तुरा, तमाशा नको. सही कर. तुला जायचं आहे ना?"

"जायचं हाये. लय जायचं हाये. पन खोट्यावर सही करून नाई जात मी."

"मग काय लिहायचं?"

"जे झालं थे. आन् मी नाई, तुमी लिवा."

उठली आणि बसस्टँडकडं चालू लागली. बूट असल्यामुळं मला गाठताही आली नाही.

बह्याड बाई! एका शब्दासाठी अमेरिका सोडते. आणि मी काय लिहू? की मी, बबनराव, आदर्श शिक्षक, शासकीय रजिस्टरात खाडाखोड केली? उद्या पेन्शनवर आलं तर? गावात तोंड कसं दाखवू?

९ मार्च, रविवार

घरात माणसं दोन आणि बोलायला विषय एकच, तोही बोलायचा नाही. अंगणात ती, ओट्यावर मी. उठलं तरी तेच, बसलं तरी तेच. मी कोंडलो गेलोय. ती सही करत नाही, शाळा दुरुस्ती करत नाही, धनराज ऐकत नाही, आणि मार्च चाललाय.

आज एक विचार मांडून पाहिला. म्हटलं, "लॉज धरलेलं आहे. पोरीचा खर्च वाया जाईल. माझा पासपोर्ट आहे. यंदा मी जाऊन येतो, पुढच्या वर्षी तुझं पाहू."

भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "जा की."

"तुला वाईट नाही वाटणार?"

"वाटन नं. काहून नाई वाटनार?" तव्यावर भाकरी टाकून मग म्हणाली, "पंचेचाळीस वर्षात या दारातून मी शेगाव, माहूर आन् लोनार, एवढीच गेली. थेबी तुमच्या मांगं मांगं. आता एक नदी पाह्याची म्हनली तं तुमी एकटे जाता. जा. फोटो आना."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती, माझ्या ताटात भाकरी वाढत होती.

मी अजूनही ठरवलेलं नाही. तसं पाहिलं तर एकानं जाणं व्यवहाराला धरून आहे. पण मनात आणून पाहिलं की मी त्या कड्यावर उभा आहे आणि वर्षा शेजारी उभी आहे, तर ती काय विचारेल तेच पुढं येतं.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड झाली. सकाळी वर्षाचा कॉल. मी उचलला तर म्हणाली, "बाबा, आईला द्या. आणि तुम्ही जरा बाहेर जा."

बापाला बाहेर जा! गेलो. म्हशीला पाणी दाखवलं, गव्हाच्या पोत्यांची तोंडं बांधली, पुन्हा सोडून पुन्हा बांधली. पाऊण तास मायलेकी बोलत होत्या. काय बोलल्या ते कस्तुरानं सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

दुपारी वर्षाचा मेसेज आला. जसाच्या तसा उतरवतो: 'बाबा, तुम्ही मामाला म्हणालात की आजोबांनी तारीख बदलायला सांगितली. पण मी लहान असताना आजोबा मला मांडीवर घेऊन सांगायचे की तुझ्या मायला मॅट्रिक करून मास्तरीण करायचं माझ्या मनात होतं. मग ते वय का वाढवायला सांगतील? ३१ तारखेनंतर मी लॉज सोडून देणार आहे. एकट्या कुणाला बोलावलेलं नाही.'

उत्तर लिहायला घेतलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं.

१८ मार्च, मंगळवार

डायरीत खाडाखोड करायची नाही हा माझा नेम. म्हणून ८ फेब्रुवारीची नोंद खोडत नाही, तिची दुरुस्ती इथं करतो.

इंद्रभानजींनी मला काहीही सांगितलं नव्हतं. मीच त्यांच्या दारी गेलो होतो.

मी चोवीस वर्षांचा होतो. केनवडला माझी आई अंथरुणाला खिळलेली, घरात करणारं कुणी नाही. वर्गात कस्तुरा पहिल्या बाकावर. विचारलं की सगळ्यांच्या आधी हात वर. अक्षर माझ्याहून चांगलं. मला ती आवडली. हे आजवर मी कुणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. मी इंद्रभानजींना विचारलं. ते हात जोडून म्हणाले, "पोरगी लहान हाये जी. तिले मॅट्रिक होऊ द्या. मंग तुमीच न्या, माही ना नाई."

वर्षभर. फक्त वर्षभर थांबायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कपाट उघडलं आणि ती निळी रेघ ओढली. मग पुन्हा त्यांच्याकडं जाऊन सांगितलं, सरकारी रजिस्टरात तिचं अठरावं भरत आलंय, तुमचाच हिशेब चुकला असेल. आणि शब्द दिला की लग्नानंतर मॅट्रिकला मी स्वतः बसवीन. अंगठा लावणारा माणूस तो. मास्तर सांगतोय, म्हणजे खरंच असेल म्हणाला.

मॅट्रिकला मी तिला बसवलं नाही. आधी आईचं आजारपण होतं, मग वर्षा झाली, मग माझ्या बदल्या. ती दोन वर्षं पुस्तकं मागत राहिली. तिसऱ्या वर्षी मागायची थांबली. मला वाटलं, हौस फिटली.

नजर चुकली नव्हती. मी नीट पाहून, निब पुसून लिहिलं होतं. मला लाज वाटते. हे लिहितानाही हात असा चालतोय, जसं दुसऱ्या कुणाचं लिहीत असावं.

१९ मार्च, बुधवार

प्रतिज्ञापत्राचा मजकूर माझ्या हातानं लिहिला आणि सकाळी कस्तुरासमोर ठेवला. तिनं चुलीजवळून उठून हात धुतले, पदराला पुसले आणि दारातल्या उजेडात बसून वाचलं. बोट फिरवत, नेहमीसारखं. 'जाणूनबुजून' या शब्दावर बोट थांबलं आणि पुढं गेलं. शेवटच्या ओळीवर अडकलं.

"'तिच्या वडिलांच्या संमतीने' हे काढा."

"पण ते शेवटी हो म्हणालेच होते."

"बाबा तुमच्या शब्दावर गेले. याले संमती नाई म्हनत."

काढलं. मग मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दाखला हातात देल्ला तुमी, तवापासून. मले वाचता येत होतं."

म्हणजे मांडवात उभी होती तेव्हाही. पंचेचाळीस वर्षं मी तिला जेवताना, भांडताना, बाळंतपणात, आजारपणात पाहिलं आणि या बाईला हे ठाऊक होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"कोनाजवळ बोलू? शाळेतबी तुमीच, घरातबी तुमीच."

तिनं कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि चुलीवरचं दूध उतू जातं म्हणून आत गेली.

२० मार्च, गुरुवार

विनोदनं माझा मजकूर वाचला आणि आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "सर, असं कोनी लिवत नाई. नजरचुकीने टाकून देऊ. पाच मिनिटाचं काम."

म्हटलं, टाईप कर.

त्यानं केलं. मजकूर करताना एकदाही मान वर केली नाही. साहेबांसमोर शपथ घेतली, सही केली, शिक्का बसला. बाहेर आलो तर केळीवाला, चहावाला, सगळे आपापल्या कामात. गाव कोसळलं नाही. रिसोडपासून केनवडपर्यंत मात्र मला कुणी 'सर, या बसा' म्हणेल म्हणून भीती वाटत होती. दोघं म्हणाले. मी बसलो नाही.

वर्षाला प्रतिज्ञापत्राचा फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, म्हणजे तिनं पाहिलं. उत्तर आलं नाही.

२६ मार्च, बुधवार

आज पुन्हा पासपोर्टचं ऑफिस. दारावरच्या माणसानं मला हात आडवा केला, "फक्त अर्जदार." मागच्या वेळी मीही अर्जदार होतो. म्हटलं, त्यांना बोलता येत नाही, मी बरोबर लागतो. कस्तुरा म्हणाली, "येते मले," आणि हिरवी फाईल काखेत मारून आत गेली.

बाहेर पत्र्याखाली बाकडं होतं, तिथं बसलो. ऊन तापलेलं. तिची पिशवी माझ्या मांडीवर, तिच्यात पाण्याची बाटली आणि भाकरी-ठेचा. आत काय विचारतील, ती काय सांगेल, घाबरून काहीतरी भलतंच बोलेल, असं सगळं डोक्यात चाललं होतं. मग लक्षात आलं की ती घाबरेल याची मला भीती नाही. ती घाबरणार नाही याची आहे.

अर्ध्या तासानं आली. चेहऱ्यावरून काही कळेना. पिशवीतून बाटली घेऊन पाणी प्याली.

"झालं?"

"झालं. आठ दिवसात पोस्टानं येते म्हने. वर्षाले फोन करून देल्ला मी. एकतीसच्या पुढं चार दिवस थांबतो म्हने थे."

मला हायसं वाटलं. म्हटलं, "काही विचारलं का?"

"विचारलं नं. बाईनं तुमचा कागद पुरा वाचला. मंग म्हने, आजी, हे बबनराव कोन तुमचे? म्हनलं, आमचे गुर्जी. नववीले भूगोल शिकवत."

मी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"मंग तिनं अर्ज पाह्यला," कस्तुरा बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "म्हने, तुमच्या नवऱ्याचं नावबी हेच दिसते. म्हनलं, हो. थेच."

"मग?"

"मंग काई नाई. लय वेळ माह्याकडं पाहत राह्यली. मंग शिक्का मारला."

गाडी लागली होती. आत एकच जागा रिकामी होती, खिडकीजवळची. ती बसली. मी रिसोडपर्यंत उभा होतो.